विंचवांची वीण आणि ऋतुचक्र राखणारी पेटी : एक परीक्षण

पाळलेल्या विंचवांची वीण नियमितपणे हवी असेल तर केवळ ऊब देणारे साधन पुरत नाही, गारवा देणारे साधनही लागते. आणि असे साधन निवडताना ते किती गार करते यापेक्षा किती सावकाश गार करते हे आधी पाहावे लागते. चार कप्प्यांची, बारा महिन्यांचे हवामान आधीच ठरवून ठेवता येणारी पेटी मी याच कसोटीवर तपासली आहे. या कसोटीवर ती बऱ्याच अंशी उतरते. तिचे जे दोष मला जाणवले, ते जवळजवळ सगळे गर्भार मादीचा विचार न केल्यामुळे राहिलेले आहेत. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण एकाच घडणीच्या पेट्या निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि पुढील मते त्या घडणीविषयी आहेत.

पेटीची रचना थोडक्यात अशी. चारही कप्प्यांना स्वतंत्र तापमान आणि स्वतंत्र प्रकाश देता येतो. प्रत्येक महिन्यासाठी दिवसाचे तापमान, रात्रीचे तापमान आणि दिवसाची लांबी असे आकडे भरायचे असतात आणि दोन महिन्यांमधला बदल नियंत्रक रोज थोडा थोडा करत नेतो. ऊब मागच्या भिंतीतून मिळते, गारवा तळाशी बसवलेल्या काँप्रेसरमधून येतो आणि पाण्याचा फवारा चारही कप्प्यांना एकाच टाकीतून जातो. समोर काच आहे आणि काचेवर सरकते अपारदर्शक झाकण आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे ज्यांना वाटेल त्यांनी विंचवाच्या गर्भधारणेकडे जरा बारकाईने पाहावे. विंचू अंडी घालत नाहीत. ज्ञात असलेल्या सर्व प्रजाती जिवंत पिलांना जन्म देतात. गर्भ वाढण्यास प्रजातीनुसार साधारण २ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंतचा काळ लागतो. मादीच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर आणि जमिनीवर अवलंबून असल्यामुळे गर्भाच्या वाढीचा वेगही त्याच तापमानावर ठरतो. उन्हाळ्यात तो वाढतो, थंडीत जवळपास थांबतो. म्हणूनच ज्या प्रदेशात ऋतूंमधील फरक तीव्र असतो तेथे बऱ्याच माद्या एकाच सुमारास वितात आणि पिले अशा वेळी जमिनीवर उतरतात की त्यांच्या आकाराचे भक्ष्य भरपूर असते. विंचवांचे अभ्यासक गॅरी पोलिस यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ज्या वाळूतील विंचवाचा अभ्यास केला, त्याची पिले उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जन्माला येतात आणि गर्भकाळ सुमारे वर्षभराचा असतो. म्हणजे एक पूर्ण हिवाळा मादी गर्भ पोटात घेऊन काढते. उष्ण कटिबंधातील प्रजातींच्या बाबतीत थंडीपेक्षा पावसाचे महत्त्व अधिक असते.

वर्षभर एकच तापमान ठेवले तर काय होते? सेंट्रुरॉइडीससारख्या ब्युथिड कुळातील (हे विंचवांचे सर्वांत मोठे कुळ) कित्येक प्रजातींचे फारसे काही बिघडत नाही. त्या कोणत्याही महिन्यात वितात आणि पुन्हा गर्भार राहतात. वाळवंटी आणि समशीतोष्ण प्रदेशातील प्रजातींचे मात्र वेळापत्रक विस्कटते : नर व मादी एकाच वेळी तयार नसतात, माद्या निरनिराळ्या महिन्यांत वितात, आणि अधूनमधून फुगलेले पोट पिले न होताच ओसरते. गर्भ शरीरातच जिरवून टाकण्याची ही क्षमता मादीला ताणाच्या काळात उपयोगी पडते, परंतु पाळणाऱ्याला त्याचा पत्ता लागेपर्यंत अर्धे वर्ष निघून गेलेले असते. पेटीतील गार महिन्यांचा लाभ मला इथेच सर्वांत स्पष्ट दिसला. वाळवंटी प्रजातींच्या कप्प्यात दिवसाचे तापमान उन्हाळ्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि हिवाळ्यात सुमारे १८ अंशांपर्यंत उतरते ठेवले, दिवसाची लांबी १४ तासांवरून १० तासांवर आणली, तेव्हा वसंतात नरांची भटकंती जवळजवळ एकाच सुमारास सुरू झाली. जुळणीसाठी नर मादीच्या घरात सोडताना हा एकसारखेपणा किती मोलाचा असतो, हे ज्याने तयार नसलेल्या मादीमुळे नर गमावला आहे त्यालाच कळेल.

नियंत्रकातील सावकाश उतार हा या पेटीचा सर्वांत मोठा गुण आहे. तापमान एका रात्रीत दहा अंशांनी खाली आणणारी साधने मी पाहिली आहेत. अशा धक्क्याने विंचू मरत नाही, म्हणून धक्का बसला हेच कुणाच्या लक्षात येत नाही. तो खाणे सोडतो, बिळाचे तोंड बुजवतो, आणि गर्भार मादी असेल तर पुढे काय झाले ते कित्येक महिन्यांनी समजते. या पेटीत बदल इतका हळूहळू होतो की जनावर स्वतःहून खाणे कमी करत जाते आणि पोट रिकामे झाल्यावरच थंडीच्या आकड्यांपर्यंत पोहोचते.

आता त्या तयार प्रोग्रॅमविषयी, जो पेटीबरोबर ‘जलद वीण’ या नावाने येतो आणि ज्यात दिवसरात्र ३२ अंश तापमान राखले जाते. तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उष्णतेने गर्भकाळ कमी होतो हे खरे आहे, पण त्याचा भार मादीवर पडतो, आणि सर्व माद्यांवर तो सारखा पडत नाही. विंचवांत गर्भाच्या पोषणाच्या दोन अगदी निराळ्या पद्धती आहेत. ब्युथिड कुळात गर्भाला अंड्यातील बलकाची शिदोरी मिळते आणि तो मुख्यतः त्यावर वाढतो. सम्राट विंचू, म्हणजे पँडिनस इम्परेटर, आणि हेटेरोमेट्रस यांसारख्या मोठ्या जंगली विंचवांत बलक जवळजवळ नसतोच. प्रत्येक गर्भ मादीच्या जननमार्गाला फुटलेल्या स्वतंत्र पिशवीत वाढतो आणि आईच्या ऊतींमधून तोंडाने पोषण घेतो. अशा मादीला कित्येक महिने सतत खाऊ घालावे लागते. तापमान वाढवून गर्भाची भूक वाढवायची आणि भक्ष्य मात्र नेहमीच्याच अंतराने द्यायचे, तर ती तूट मादीच्या अंगातून भरून निघते. व्यायल्यानंतर सुरकुतलेली, थकलेली मादी आणि तिच्या पाठीवर मोजकीच पिले, हे दृश्य टाळता येण्यासारखे आहे.

शिवाय निसर्गात गर्भार मादी स्वतःचे तापमान स्वतः निवडते. ती बिळात वर-खाली सरकते आणि दिवस भरत आल्यावर उबदार जागा शोधते. त्यामुळे कप्प्यात एकच तापमान असण्यापेक्षा एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा असणे अधिक हिताचे. मागच्या भिंतीतून ऊब देण्याची रचना या दृष्टीने योग्य आहे आणि तिचे कौतुक केले पाहिजे. अजूनही पुष्कळ साधनांत हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, तळाखाली असते. विंचवाला उष्णता असह्य झाली की तो खाली खणतो, कारण जमिनीत खाली गारवा असतो हे त्याच्या उपजत वर्तनातच आहे. तळ तापवला की हा सुटकेचा मार्गच त्याच्या जिवावर उठतो.

काँप्रेसरविषयी मात्र मला तक्रार करावी लागते, आणि ती गंभीर आहे. विंचू जग ऐकतो ते पायांनी. जीवशास्त्रज्ञ फिलिप ब्राउनेल यांनी १९७७ मध्ये वाळूतील विंचवावर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की पायांवरील सूक्ष्म खाचांचे आणि केसांचे संवेदक वाळूतून येणाऱ्या लहरी टिपतात आणि कोणत्या पायाला लहर आधी लागली यावरून विंचू भक्ष्याची दिशा ठरवतो. ज्या प्राण्याला काही सेंटिमीटरांवरील किड्याची हालचाल जमिनीतून कळते, त्याच्या घराखाली काँप्रेसर चालू-बंद होत असेल तर त्याला काय जाणवत असेल? काँप्रेसर सुरू होतो त्या क्षणी तळाला एक झटका बसतो. टॉर्चच्या मंद लाल प्रकाशात पाहिले तर त्या झटक्याबरोबर रातकिड्याकडे सरकणारा विंचू जागच्या जागी थिजतो, चिमटे किंचित उघडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. इतर वेळी याने विशेष नुकसान होत नसेल. मादी पिले पाठीवर घेऊन बसलेली असताना मात्र हा उपद्रव चालणार नाही. कप्प्यातील डबे जाड रबरी पत्र्यावर ठेवल्याने झटका पुष्कळ कमी होतो, तरी तो मुळातच होऊ नये अशी रचना करणे उत्पादकाचे काम होते. शीतक निराळ्या खोक्यात ठेवून फक्त गार हवा नळीने आणणे अवघड नाही.

प्रत्यक्ष वीण पाहण्यासाठी पेटी कितपत उपयोगी आहे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. दिवस भरत आले की मादीच्या पाठीचे आणि पोटाचे कठीण पट्टे एकमेकांपासून दूर जातात आणि मधली पातळ त्वचा ताणली जाते. फिकट प्रजातींत त्या त्वचेतून आतले पांढुरके गर्भ दिसू शकतात. ती खाणे थांबवते. विण्याच्या वेळी ती पायांवर उंच होते, पुढच्या पायांच्या जोड्या पोटाखाली वळवून त्यांची ओंजळ करते आणि एकेक पिलू त्या ओंजळीत उतरते. ब्युथिड पिले पातळ आवरणात गुंडाळलेली असतात व ती आवरण फाडून बाहेर येतात. मग आईच्या पायांवरून चढून पाठीवर जातात. हे सगळे काही तासांत आटोपते किंवा दिवसभराहून अधिकही लांबते. पिले पांढरी, मऊ आणि फुगीर असतात. त्यांच्या पायांना नखांऐवजी चिकटून राहता येईल अशी टोके असतात. ती काही खात नाहीत; अंगातील साठ्यावर पहिली कात टाकेपर्यंत जगतात. पिले आईला खाऊन टाकतात असा समज पुष्कळ ठिकाणी आहे, पण पाठीवरच्या पिलांना खाताच येत नाही. उलटे मात्र घडते : तहानलेली, उपाशी किंवा वारंवार त्रास झालेली मादी स्वतःची पिले खाते.

म्हणूनच या काळात दार न उघडता पाणी देता येणे हा पेटीचा लहानसा वाटणारा पण फार उपयोगी गुण आहे. बाहेरून आलेली बारीक नळी थेट पाण्याच्या बशीत उतरते. अपारदर्शक झाकण हलके सरकते, आवाज करत नाही. आतील निरीक्षणाचा दिवा लाल आहे, आणि लाल प्रकाश विंचवांच्या डोळ्यांना सर्वांत कमी जाणवतो. याच्या जोडीला पहाट-संध्याकाळचा दिवा अर्ध्या तासात हळूहळू वाढतो आणि मंदावतो. विंचवाच्या बाजूचे छोटे डोळे अत्यंत क्षीण प्रकाशही टिपतात आणि दिवसरात्रीचे घड्याळ जुळवण्यास त्यांचाच उपयोग होतो, त्यामुळे दिवा एकदम पेटण्या-विझण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच सरस आहे.

एक युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकते, पण पहिली कात टाकण्यापूर्वीची पिले अशी चमकत नाहीत. काचेबाहेरून अतिनील टॉर्चचा क्षणभर झोत टाकला आणि आईच्या चमकत्या पाठीवर नुसता फिकट ढीग दिसला, तर कात अजून व्हायची आहे. ढिगातूनच बारीक चमक दिसू लागली की पिलांनी कात टाकली आणि थोड्याच दिवसांत ती उतरतील. अनेक ब्युथिड प्रजातींत हा टप्पा जन्मानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत येतो, मोठ्या विंचवांत अधिक वेळ लागतो. झोत वारंवार टाकू नये. विंचू अतिनील प्रकाश टाळतात.

आर्द्रतेच्या बाबतीत ही पेटी कमी पडते. फवारा सर्व कप्प्यांना एकाच वेळी, एकाच प्रमाणात जातो, त्यामुळे सम्राट विंचू आणि ॲरिझोनाचा केसाळ विंचू, हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस, यांना एका पेटीत ठेवता येत नाही. हॅड्रुरसची वीण मिळवणे जितके कठीण, त्याहून त्याची पिले कातेतून सुखरूप बाहेर काढणे कठीण आहे. पृष्ठभाग कोरडा पण खोल माती ओलसर, अशी उतरंड त्यांना लागते. हवेतील आर्द्रतेचा आकडा दाखवणारा सेन्सर या उतरंडीविषयी काहीच सांगत नाही. मी फवारा कायमचा बंद करून मातीत उभ्या रोवलेल्या नळीतून थेट तळाला पाणी घालतो, आणि इतरांनीही तसेच करावे असे सुचवेन. थंडीच्या महिन्यांत वाळवंटी कप्प्यांचे पाणी जवळजवळ थांबवावे, कारण गारवा आणि ओल एकत्र आले की बुरशी आणि माइट्स (कोळीवर्गीय सूक्ष्म किडे) हटत नाहीत.

हवेच्या जाळीची छिद्रे पिलांच्या मानाने मोठी आहेत. ती बारीक स्टीलच्या जाळीने झाकावीत. दाराला चुंबकाची पट्टी आहे, कुलूप नाही. हॉटेंटोटा टॅमुलस (भारतातील लाल विंचू), ॲन्ड्रोक्टोनस किंवा लेयुरस यांसारखे माणसाच्या जिवाला धोकादायक विंचू जिथे ठेवले जातात तिथे हे अजिबात चालणार नाही.

नोंदींची सोय उत्तम आहे. नियंत्रक तापमान आणि प्रकाशाचा इतिहास जपतो आणि जुळणी, वीण, पिले उतरणे अशा घटना तारखेसह लिहिता येतात. पण या नोंदी वाचताना एक सावधगिरी लागते. जुळणीच्या तारखेपासून विण्याच्या तारखेपर्यंतचा काळ म्हणजे गर्भकाळ, असे पेटीचे सॉफ्टवेअर आपोआप मोजते. विंचवांत हे गणित फसवे आहे. अनेक ब्युथिड माद्या नराचे शुक्राणू शरीरात साठवतात आणि एकाच जुळणीनंतर दोन-तीन वेळा वितात. दुसऱ्या विणीचा ‘गर्भकाळ’ मग भलताच लांब दिसतो. ब्राझीलचा टिटियस सेरुलाटस तर नराशिवायच वितो. त्यामुळे एका विणीपासून पुढच्या विणीपर्यंतचे अंतर हीच नोंद मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि ते अंतर पेटीत वेगळे दाखवले जात नाही.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. जंगलातून पकडलेली गर्भार मादी घरी आणल्यावर कित्येक महिन्यांनी विते आणि ती पिले ‘पाळीव अवस्थेत जन्मलेली’ म्हणून विकली जातात. गर्भकाळ लांब असल्यामुळे आणि शुक्राणू साठवले जात असल्यामुळे अशी वीण म्हणजे पैदास झाली असे म्हणताच येत नाही. सम्राट विंचवाची नोंद १९९५ पासून साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, ती त्याच्या व्यापारामुळेच. पाळलेल्या अवस्थेत जन्मलेल्या मादीची वीण, तीही योग्य हंगामात, हेच खरे यश मानले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक मादीचा उगम नोंदवण्याची वेगळी जागा या सॉफ्टवेअरमध्ये असायला हवी होती.

विजेविषयी एक तांत्रिक दोष नोंदवतो. वीज गेल्यावर कप्पा खोलीच्या तापमानाला येतो, ते ठीक. पण वीज परत आल्यावर नियंत्रक ठरलेल्या आकड्याकडे पूर्ण जोराने धावतो. जो सावकाशपणा ही पेटी वर्षभर राखते, तो नेमका त्या तासाभरात सोडून देते. दुरुस्ती सेवेकडे हे कळवल्यावर मला सेटिंग्ज पुन्हा भरण्याचा सल्ला मिळाला, ज्याने काही साधले नाही. तूर्त उपाय एवढाच की गार महिन्यांत वीज गेल्यास ती परत येण्याआधी पेटीचा खटका बंद करावा आणि आकडे हाताने टप्प्याटप्प्याने खाली आणावेत.

ज्यांच्याकडे फक्त उष्ण कटिबंधातील एखादी ब्युथिड प्रजाती आहे त्यांना या पेटीची गरज नाही. साधा थर्मोस्टॅट आणि बाजूने दिलेली ऊब त्यांना पुरेल. वाळवंटी किंवा समशीतोष्ण प्रदेशातील विंचवांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास करू पाहणाऱ्यांनी मात्र ती घ्यावी, आणि एक कप्पा नरांसाठी राखून ठेवावा. एकाच विणीतील नर बहुधा बहिणींच्या आधी वयात येतात आणि त्यांच्या आधी मरतात. वाढत्या नरांचा कप्पा माद्यांपेक्षा दोन-तीन अंश गार ठेवला आणि भक्ष्य थोडे कमी दिले तर त्यांची शेवटची कात लांबते, आणि माद्या तयार होतात त्या हंगामात नर हाताशी असतो.